पंचमीच्या दिवशी तीन नंबर

"ताई, तीन नंबर गप पडलाय!" मंगलच्या हाताखालचा अश्फाक खुर्चीतूनच ओरडला, आणि मंगल त्याच्या पडद्याकडं धावली.

सांगलीतल्या त्या गार खोलीत चार सर्व्हर होते. सातारा-सांगलीतल्या कुणीही मोबाईलवरून त्यांच्या ट्रस्टची ॲम्ब्युलन्स मागितली, की ती मागणी आधी इथं यायची. चौघांना सारखं काम वाटून देणं हे मंगलचं काम. नऊ वर्षं ती तेच करत होती.

तीन नंबर सकाळी नवालाच अडखळत होता. खरं तर तेव्हाच त्याला कामातून तोडून, बंद करून पुन्हा सुरू करायचा. पण आज नागपंचमी, आणि मंगल नागांच्या शिराळ्याची. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तोडायचं नाही. तिची आई रंगुबाई सकाळी फोनवर पुन्हा बजावून बसलेली. लोखंडाच्या डब्याला कसली आलीय पंचमी, हे काय मंगलला समजत नव्हतं? चांगलं समजत होतं! तरी ती अश्फाकला म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे रं, उद्या बघू."

आता साडेअकरा झाले होते. मेला तीन नंबर काम काहीच करत नव्हता, पण विचारलं की "ठीक आहे" म्हणत होता. त्यामुळं दर चौथी मागणी त्याच्याच गळ्यात पडायची आणि तिथंच अडकायची. अशा अकरा अडकल्या होत्या. अकरा माणसं गाडीची वाट बघतायत आणि एकाही ड्रायव्हरला खबर नाही.

"पयली कवाची?" तिनं विचारलं.

"बावीस मिन्टं झाली."

मंगलनं पडद्यावर बोट ठेवलं. "नवं काम बंद कर त्याचं. तिघांवर टाक."

"तिघांना झेपंल का, ताई? सणाची गर्दी हाय. आत्ताच सत्तर टक्क्यांवर हायत. एक बसला तर समदेच बसतील."

"मग काय बघत बसू? टाक!"

आकडा ऐंशी झाला, अठ्ठ्याऐंशी झाला, त्र्याण्णववर जाऊन थांबला. दोघंही पडद्याकडं डोळे फाडून बघत होते. तिघांनी ओझं धरलं.

तीन नंबर बंद केला की अडकलेल्या मागण्या पुसल्या जाणार होत्या. म्हणून मंगलनं अकरा फोन नंबर आणि पत्ते आधी कागदावर उतरवले. मग तिनं स्वतःच बटण दाबलं. दाबताना तिला सकाळचे नऊ आठवत होते.

जवळच्या ड्रायव्हरांना पत्ते कळवून दोघांनी फोन वाटून घेतले. उंब्रजच्या बाईला दुसरी गाडी मिळाली होती. एकाला शेजाऱ्यानं दवाखान्यात पोचवलं होतं. एकानं मंगलची आईबहीण काढली. तिनं पुढचा नंबर लावला. शेवटी उरला औंधकडचा नंबर, बावीस मिनिटांवाला.

"आवं, कवाची वाट बघतोय!" पलीकडून माणूस रडत होता. "पोरीचा दम अडकलाय. दुदाच्या टेम्पोत घालून निघालोय."

"दादा, गाडी पाठवलीय. रहिमतपूरकडनं समोरून येतीय. बारा मिन्टं."

"पोरगी बोलंना झालीय, बाई. मी एकलाच हाय मागं. फोन ठिवू नगा."

आजवर मंगलनं यंत्रं सांभाळली होती. गाडी मागणाऱ्या एकाही माणसाशी ती कधी बोलली नव्हती. उशीर माझ्यामुळं झाला, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. पण ते सांगून त्या बापाचं काय भलं होणार होतं?

"नाव काय पोरीचं?"

"समीक्षा."

"तिच्या कानाला फोन लावा."

टेम्पोचा पत्रा खडखडत होता. त्यातून एक बारीक, तुटका श्वास ऐकू आला.

"समीक्षा, मी मंगल. घाबरू नगं बाळा, गाडी येतीय," असं म्हणून ती बोलत राहिली. काय बोलत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं. मधेच थांबायची, आणि पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.