परत न वळता

"अगं, शिडी नीट धर. मी पडलो तर उद्या पळशील कशी?" गोटफ्रीड वरून ओरडला.

"तू पडलास तरी मी पळणारच," एर्ना म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते."

मी समोर माझ्या पावाच्या दुकानाच्या दारात उभी होते. मला हसू आलं. शनिवारची संध्याकाळ होती. गोटफ्रीड फाटकाच्या खांबावरची पाइनची डहाळी सोडवत होता आणि बायको खाली शिडी धरून उभी होती. आमच्या दरीत फाटकावर डहाळी लटकत असली की त्या घरी स्वतःच्या मळ्यातली वाइन आणि गार जेवण मिळतं. डहाळी उतरली की घर बंद. वर्षातले पंधरवडे गावातल्या घरांनी आपसांत वाटून घेतलेले आहेत. ज्याची पाळी असेल त्याने डहाळी लावायची, आणि ती लटकत असेतोवर दारी आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. पाळीच्या मध्येच घरात कुणी वारलं तर आधी डहाळी उतरते आणि मग पाद्र्याला निरोप जातो. मी थट्टा करत नाही, असं दोनदा झालेलं मी पाहिलंय.

तेव्हा चालू पाळीत, तेही सप्टेंबरातल्या भर गर्दीच्या रविवारी, डहाळी उतरवायची म्हणजे साधी गोष्ट नव्हती. नवऱ्याकडून ती कबूल करून घ्यायला एर्नाचा अख्खा हिवाळा गेला होता.

"अलोइस काकांना सांगितलंत का?" मी विचारलं. अलोइस म्हणजे गोटफ्रीडचा बाप. पंच्याऐंशीच्या घरात आहे, पण आवाज अजून नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जातो.

"सकाळी सांगतो," गोटफ्रीड शिडी उतरत म्हणाला. "आत्ता सांगितलं तर रात्रभर डोकं खाईल."

गोटफ्रीड वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, एर्ना कधीच निघून गेली असती. त्याला फक्त बापासमोर तोंड उघडता येत नाही, आणि ज्या घरात नवऱ्याला तोंड उघडता येत नाही तिथे सगळं बायकोच्या हातांवर पडतं.

एर्ना पलीकडच्या काठाची. तो काठ सावलीचा, तिथे द्राक्षं पिकत नाहीत, जर्दाळू तेवढे होतात. लग्न होऊन ती होडीतून इकडे आली तेव्हा आम्ही बायका म्हणालो होतो, पोरीने ऊन कमावलं. ऊन मिळालं खरं. त्यासोबत उतारावरचे दगडी बांध मिळाले, सासूचं आजारपण मिळालं, वरच्या खोल्यांत भाड्याने उतरणारे पाहुणे आणि त्यांचा सकाळचा नाश्ताही मिळाला. सासूला मातीत ठेवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा पळायला गेली. डोक्यावर परिणाम झाला म्हणून गावाने मान हलवली.

पळायला आमच्याकडे दोनच वाटा. एका बाजूला डॅन्यूब, दुसऱ्या बाजूला मळ्यांचा उभा चढ, मध्ये रस्ता आणि रुळांपुरती जागा. नदी येते तिकडे पळा नाहीतर नदी जाते तिकडे पळा. एर्ना नदीसोबत खाली, दरीच्या तोंडाशी असलेल्या क्रेम्स शहराच्या दिशेने पळायची, पण ड्यूर्नस्टाइनच्या पडक्या किल्ल्यापर्यंतच. तिथून वळून घरी यायची, कारण पाहुणे उठायच्या आत कॉफी व्हायला हवी. बाहेरची माणसं तिला म्हणायची, काय भाग्य तुमचं, रोज किल्ले आणि मळे बघत पळता! ती हो म्हणायची आणि अंडी उकडायला टाकायची.

मागच्या हिवाळ्यात एकदा पाव घ्यायला आली आणि तशीच उभी राहिली.

"बुर्गी, मी क्रेम्सला पळत कधी पोचलेच नाही बघ."

"आगगाडी आहे की."

"तसं नाही गं. किल्ल्यापाशी आले की पायांना अजून पुढे जायचं असतं आणि मी त्यांना वळवते. रोज. बैलाला वळवावं तसं. मला एकदा न वळता पळायचंय. एकदाच, दरीच्या बाहेर पडेपर्यंत."

"आणि मग?"

"मग काय, आगगाडीने परत येईन. कुठे जातेय मी?"

दर सप्टेंबरात दरीच्या वरच्या टोकापासून क्रेम्सपर्यंत मोठी शर्यत होते. हजारो माणसं येतात, रस्ता दिवसभर बंद असतो आणि आमचं गाव बरोबर मधोमध सापडतं. इतकी वर्षं एर्ना फाटकासमोर पाण्याचे पेले घेऊन उभी राहायची. दुसऱ्यांची बायकामाणसं तिच्या हातातलं पाणी पिऊन पुढे जायची. या वर्षी तिने स्वतःचं नाव घातलं आणि पाण्याचं टेबल माझ्या गळ्यात मारलं.

रविवारी पहिल्या गाडीने ती वर गेली. छातीवर नंबर, चार टाचण्यांनी लावलेला. माझ्या दुकानावरून जाताना तिने नुसता हात केला. बोलली असती तर रडली असती, असं मला वाटतं.

गोटफ्रीड द्राक्षांवरची पाखरं हाकायला मळ्यात गेला. बापाला सांगायचं राहूनच गेलं. अलोइस उठला, अंगणात आला, त्याने रिकामा खांब पाहिला. मी टेबल मांडून वर बघते तर म्हातारा शिडीच्या शेंड्यावर, काखेत डहाळी!

"काका, उतरा खाली!" मी धावले. "आज बंद आहे तुमचं!"

"कोण म्हणतं? पाळी आमची आहे. आज सगळं जग रस्त्यावर येणार आणि आमचा खांब नागडा? लोक म्हणतील, अलोइस मेला."

"अहो, एर्ना शर्यतीत पळतेय."

"पळते ती रोजच," तो गाठ मारत म्हणाला. "येईल परत."

ती डहाळी मी खेचून काढायला हवी होती असं तुम्ही म्हणाल. पण दुसऱ्याच्या घराची डहाळी उतरवायची नसते. तिला हात लावणं म्हणजे त्या घरात मयत चिंतणं. मी गोटफ्रीडच्या नावाने बोंबलले. तो मळ्यातून उतरून येईतो तीन टेबलं भरली होती. शर्यत बघायला आलेले लोक, रस्ता बंद, जाणार कुठे? डहाळी दिसली की आत.

"अरे, उठव त्यांना," मी म्हणाले.

"बसलेल्यांना कसं उठवू?" गोटफ्रीड म्हणाला आणि सुरी घेऊन मांस कापायला गेला. त्याचं कापणं म्हणजे एक तुकडा विटेएवढा आणि दुसरा नखाएवढा.

पळणारे येऊ लागले. पुढचे तर वाऱ्यासारखे गेले, मग घोळके आले. माझे हात पेले भरण्यात आणि डोळे वळणावर. अंगणातून हाका वाढत होत्या. आणि मग एर्ना दिसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गाल लाल झालेले, तोंड उघडं, आणि वय कुठेतरी वाटेत सांडून आल्यासारखी ती दिसत होती.

"पळ!" मी ओरडले. "एर्ना, इकडे बघू नकोस! सरळ पळ!"

तसं सांगितल्यावर कोण बघणार नाही? तिने वर पाहिलं, डहाळीकडे. पाय जागच्या जागी हलत राहिले. अंगणात काहीतरी खळकन फुटलं आणि अलोइस भरलेल्या पेल्यांचं तबक घेऊन फाटकात आला.

"आलीस? बरं झालं. तिखट मुळा कुठे ठेवलायस? अक्रोडाच्या झाडाखालचे मघापासून ओरडतायत." तिच्या छातीवरचा नंबर त्याला दिसलाही नाही.

मागून गोटफ्रीड आला. अंगठ्याला फडकं, त्यावर रक्त. "तू जा, एर्ना," तो म्हणाला. "मी करतो सगळं. तू जा." मनापासून म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर तिथेच उभा राहिला.

"मुळा तळघरात, डाव्या फळीवर," एर्ना म्हणाली आणि दोन पावलं पुढे गेलीसुद्धा. मी देवाचे आभार मानले. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या हातातलं तबक कलंडलं. तिने मागे येऊन ते धरलं.

"पाच मिनिटं, बुर्गी."

"आत गेलीस तर संपलीस! पायच मोडीन तुझे!"

"तुझं पाणी सांडतंय," ती म्हणाली आणि तबक घेऊन आत गेली.

मी पाव पोचवायच्या निमित्ताने आत डोकावत राहिले. पळायच्या कपड्यांवर तिने कमरेला एप्रन बांधला होता, छातीवर नंबर तसाच. एकाच हातावर चार ताटल्या घेऊन ती टेबलांमधून फिरत होती. व्हिएन्नाकडचा कुणीतरी म्हणाला, "वा, या घरात वाढणाऱ्यांनासुद्धा नंबर दिलेत!" सगळे हसले. तीही हसली. मला त्या माणसाच्या डोक्यात पाव घालावासा वाटला.

"अजून वेळ आहे, नीघ," मी तिच्या कानाशी म्हणाले. "चालत गेलीस तरी पोचशील."

"हो, हो. एवढं अक्रोडाखालचं उरकते."

अक्रोडाखालचं उरकलं, तर भिंतीजवळचं भरलं. बाहेर पळणारे विरळ झाले. मग चालणारे आले, मग लंगडणारे. मग बराच वेळ कुणीच नाही. मी टेबल आवरायला घेतलं.

सगळ्यांच्या शेवटी एक बस आली, वाटेत दमलेल्यांना उचलत, पावलापावलाने. तिच्या मागे रस्ता मोकळा होत होता. एर्ना बाहेरच्या बाकावरचे रिकामे पेले गोळा करायला आली होती. चालकाने तिचा नंबर पाहिला आणि बस थांबवली. दार उघडलं. आत कांबळी पांघरून बसलेली माणसं होती.

"या बाई, चढा," तो म्हणाला. "लाजायचं काय त्यात? क्रेम्सपर्यंत नेऊन सोडतो."

एर्ना पेले हातात धरून त्या उघड्या दाराकडे बघत राहिली. एक पायरी, बस्स. मी मनातल्या मनात तिला ढकलत होते.

"नको," ती म्हणाली. "माझं घर हेच आहे."

चालकाने तिच्याकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. त्याला काय समजलं कोण जाणे, तो ओशाळला. "मग तो नंबर तेवढा काढून द्या. मागे कुणी राहिलं नाही, हे तिकडे दाखवावं लागतं."

तिने पेले बाकावर ठेवले. एकेक टाचणी काढून ओठांत धरली, चारही. मग तो कागद हाताने सरळ करून त्याच्याकडे दिला. दार मिटलं, बस निघाली.

आतून अलोइस तिला हाका मारत होता. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, तिला ओ देता आली नाही. बस वळणाआड जाईपर्यंत ती तशीच रस्त्यावर उभी राहिली.