साड्यांच्या ढिगावर आपटलेली शेकायची पिशवी

मित्रांनो, मी शेकायची रबरी पिशवी आहे. आता जुनी झाले आहे. माझा विटकरी रंग उडाला आहे आणि गळ्यापाशी एक भेग पडली आहे. आम्हा पिशव्यांचा स्वभाव उबदार असतो, असे लोक म्हणतात. आज माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आला आहे. तो का आला, ते सांगते.

एका कारखान्यात रबर साच्यात दाबून मला घडवले. पाणी भरून मला उलटे टांगले. थेंब गळला नाही, म्हणून मी पास झाले. खोक्यात बसून मी मोहाडीच्या एका औषधांच्या दुकानात आले आणि तिथून जवळच्याच एका खेड्यात, विमलाबाईंच्या घरी. धानाच्या रोवणीत वर्षानुवर्षे चिखलात वाकून त्यांचे गुडघे गेले होते. संध्याकाळी त्या मला गुडघ्यावर ठेवत आणि शेजारणीला सांगत, "लय गुणाची हाये वो ही." ते ऐकून मी फुगत असे. पुढे मुलाने कसलेसे तेल आणून दिले आणि मी दारामागच्या खिळ्यावर गेले. चार वर्षे तिथेच लटकले. कोळ्याने माझ्या तोंडाशी जाळे विणले.

मला खिळ्यावरून काढले ते सरिताने. सरिता विमलाबाईंची सून. वय छत्तीस. तालुक्याच्या बाजारपेठेत ईश्वरशेठचे साड्यांचे मोठे दुकान आहे. तिथे ती कामाला जाते. अशा पाच बाया आहेत तिथे. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत उभे राहायचे, साड्या उलगडायच्या, घड्या घालायच्या.

दुकानाच्या मागे संडास आहे. तो कुलूपबंद असे आणि किल्ली शेठच्या खिशात असे. शेठ जात, त्यांचा भाऊ जाई, माल आणणारे गाडीवालेही जात. बायांना मात्र किल्ली मिळत नसे. "एक गेली का दुसरी जाते, मंग गप्पा मारत बसता," असे शेठ म्हणत. म्हणून पाचही बाया दिवसभर पाणीच पीत नसत.

लघवी हा शब्द ऐकून हसू नका, मित्रांनो. तुम्ही रोज करता ती. न करता दिवस काढून पाहा, मग हसा.

ऐन लग्नसराईत सरिताला थंडी वाजून ताप आला. लघवीला आग होऊ लागली. खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग झाल्याचे सांगितले आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिने एकही गोळी चुकवली नाही. ताप गेला. पुन्हा तपासले तर रिपोर्ट स्वच्छ आला. घरात सगळ्यांना वाटले, झाले, संपले.

पण संपले नव्हते. लघवीच्या शेवटी आग होई. ओटीपोटात दाब राही. जाऊन आल्यावर दहा मिनिटांत पुन्हा जावेसे वाटे, आणि गेले तर दोन थेंब. तीन आठवडे झाले तरी हेच.

"गोया खाल्ल्या ना पाच दिवस?" विमलाबाई म्हणाल्या. "मंग अजून काय दुखून राह्यलं तुले?"

नवरा अंकुश म्हणाला, "रिपोर्ट तं साफ हाये. तू कायले मनावर घेतेस?"

ती पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मान वर केली नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे. मनाचं आहे सगळं," म्हणाले आणि तपासणी न करताच पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या. त्या खाऊन तिचे तोंड कडू झाले, पोट बिघडले. आग तशीच राहिली.

रिपोर्टला दुखत नव्हते हो. सरिताला दुखत होते. एवढी साधी गोष्ट तीन मोठ्या माणसांना कळू नये, याचा मला अजून राग येतो.

सुटीच्या दिवशी तिने मला धुतले, गरम पाणी भरले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ओटीपोटावर ठेवले. तिचे पोट दगडासारखे घट्ट होते. हळूहळू ते सैल पडले आणि तिने डोळे मिटले. त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर दुकानात जाऊ लागले. समोरच्या चहाच्या टपरीवरून ती गरम पाणी घेई आणि मला पदराखाली कमरेला बांधून उभी राही.

पुढच्या सुटीला ती सरकारी दवाखान्यात गेली. मी तिच्या पिशवीत होते. तिथल्या डॉक्टर सत्यवतीबाईंनी एक वेगळाच प्रश्न विचारला.

"दिवसातून किती वेळा लघवीला जाता?"

"कामावर असली का जातच नाई, मॅडम. सकाळी घरून निघताना, आन मंग घरी परत आल्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे दहा-अकरा तास? किती वर्षं?"

"सात."

"हे मनाचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जंतू गेले असतील, पण आतून सुजलेली लघवीची पिशवी लगेच बरी होत नाही. कधीकधी काही आठवडे लागतात. त्यात तुम्ही वर्षानुवर्षं दाबून धरलंय. खालचे स्नायू आखडलेत, सैल व्हायचंच विसरलेत. जंतू उरलेत का ते पाहायला आपण लघवीची कल्चर तपासणी करू आणि सोनोग्राफीही करू, म्हणजे दुसरं काही नाही ना ते कळेल. तोवर मनाने गोळ्या खाऊ नका. ताप आला, पाठीत दुखलं, लघवीतून रक्त गेलं, तर त्याच दिवशी या. पिशवीने शेका, पण कपड्यात गुंडाळून. चहा कमी, पाणी जास्त. आणि दर दोन-तीन तासांनी जायचंच."

सरिता हसली. ते हसू मला आवडले नाही.

"कुठं जाऊ, मॅडम?"

डॉक्टरांनी शेठसाठी चिठ्ठी लिहून दिली: हिला दर दोन-तीन तासांनी लघवीला जाऊ द्यावे. तपासणीत पुढे वाईट काही निघाले नाही. दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी विमलाबाईंनी चिठ्ठीत काय आहे ते विचारले. सरिताने सांगितले. विमलाबाई भिंतीला टेकून बसल्या.

"धानाच्या बांधीत रोवणे करताना मलेही अशीच आग होये," त्या म्हणाल्या. "बांधावर माणसं उभी राहत. कुठं बसाव? मी कोनाले सांगतलं नाई." मग उठून त्यांनी चुलीवर पाणी ठेवले आणि मला स्वतःच्या हाताने भरले.

मी इतकी वर्षे त्यांच्या गुडघ्यांवर झोपले होते, आणि मला याचा पत्ता नव्हता. कुणी विचारलेच नव्हते.

शेठने चिठ्ठी वाचली आणि परत केली. "दवाखान्याचा कागद दवाखान्यात चालते," म्हणाले.

चार दिवसांनी दिघोरीच्या शकुनबाई नातीच्या लग्नाचे कापड घ्यायला आल्या. दुकान गच्च भरले होते. सरिता शालू दाखवत होती. शेठ जवळ आले आणि तिच्या कमरेकडे पाहून ओरडले,

"पदराखाली काय लपवून राह्यली वो? साडी दाबली का?"

सगळ्या माना वळल्या. सरिताने गाठ सोडून मला बाहेर काढले. शेठने मला गळा धरून हिसकावले आणि साड्यांच्या ढिगावर आपटले. तेव्हाच माझ्या गळ्याला भेग पडली. गरम पाणी एका जांभळ्या शालूवर सांडले.

"चोर नाई मी," सरिता म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "पोट शेकून राह्यली हावो. सात वर्षं झाले, तुमच्या दुकानात मले लघवीले जाऊ देत नाई. त्यानं आजारी पडली मी. किल्ली तुमच्या खिशात हाये. दाखवा सगळ्याईले!"

मग पाच बायांतल्या पन्नाशीच्या ताराबाई हातातली साडी ठेवून पुढे आल्या. "मले अठरा वर्षं झाले हिथं. भाकरीसोबत पाणी नाई पेत मी. भाकर घशात अडकते."

शकुनबाई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, मलेही जायचं हाये. किल्ली द्या."

"तुम्ही घ्या ना, आजी," शेठ घाईघाईने खिसा चाचपू लागले.

शकुनबाईंनी किल्ली घेतली आणि सरिताच्या हातात ठेवली. "आधी तू जाऊन ये, माय. तवरक साड्याईले मी हात नाई लावत."

सरिता गेली आणि आली. किल्ली तिने परत दिली नाही. मोजपट्टीच्या खुंटीला अडकवली.

"उद्यापासून येऊ नको तू," शेठ गुरगुरले.

"मंग आमी पाचही नाई येत," ताराबाई म्हणाल्या. "लग्नसराईत दाखवा तुमीच साड्या."

शेठ पाय आपटत गल्ल्याकडे गेले; दुसऱ्या दिवशी पाचही बाया कामावर आल्या. किल्ली खुंटीवर राहिली. त्यांनी माफी मागितली नाही, आणि अजूनही गल्ल्यावर बसून "बाया माजल्या" असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सरिताची आग जायला अडीच महिने लागले. मधे दोनदा परतही आली. मग एका सकाळी ती आंघोळ करून आली आणि विमलाबाईंना म्हणाली, "आई, आज काईच नाई दुखलं."

मी आता गळते. मला टाकून द्या, माझे काही म्हणणे नाही. पण मित्रांनो, घरातले कुणी औषध संपल्यावरही "अजून दुखते" म्हणाले, तर त्याला खोटे पाडू नका. वर्गातली मुलगी "बाई, जाऊन येऊ का?" म्हणाली, तर खिदळू नका. आणि तुमच्यातले कुणी मोठे होऊन दुकान काढणार असेल, शाळा काढणार असेल, तर नावाची पाटी रंगवण्याआधी बायांसाठी चार भिंती आणि एक दार बांधा. त्या दाराला कडी आतून लावा. बाहेरून कुलूप लावणाऱ्याचे दुकान मला सांगा. फाटकी असले, तरी येईन मी.