शकूच्या घरचं पाणी

साहेब देश सोडून गेला, गणपुले मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तरी त्यांचं इंग्रजी शिकवणं काही थांबलं नव्हतं. पनवेलच्या त्यांच्या ओटीवर जो सापडेल तो त्यांचा विद्यार्थी. घरोघर मीठ विकत येणारा आनंदा आगरी तर हक्काचा. तो पाटी उतरवून घाम पुसेपर्यंत मास्तर मांडीवरच्या जाड कोशातला एखादा शब्द त्याच्यापुढे टाकायचे. आनंदाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण कुणीतरी आपल्याशी बोलतंय, एवढ्यावर तो खूश असे. बायको गेल्यापासून घरी बोलायला होतं कोण?

त्या चैत्रात शब्द निघाला 'गिव्ह'. गिव्ह म्हणजे देणं. मास्तर म्हणाले, साहेबाचा दुसरा शब्द डोनेट, तो आणि आपलं दान हे सख्खे चुलत भाऊ. गिव्हचं घराणं मात्र निराळं. खणत खणत फार मागे गेलं की पंडितांना तिथे एक असं मूळ दिसतं, ज्याचा अर्थ देणंही होता आणि घेणंही. हात पुढे करायचा, बस्स. संस्कृतात हाताला गभस्ती म्हणतात, तोही बहुधा त्याच कुळातला.

आनंदा घाम पुसायचा थांबला. "म्हंजे मास्तर, देनाऱ्यानं घेतलं तरी चालायचं?"

मास्तर खुशीत म्हणाले, चालायचं काय, तेव्हाच्या माणसांना त्यात दोन वेगळ्या गोष्टीच दिसत नसाव्यात. मास्तर बिचारे शब्दाबद्दल बोलत होते.

आनंदाच्या डोक्यात शकू होती, त्याची एकुलती एक लेक. नऊ वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या बायकोने, हौसाने, तिचं कन्यादान केलं आणि ती कोन गावाला नांदायला गेली. दिलेल्या लेकीच्या घरचं आईबापाने काही खायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, तिच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत. नातवंडाचं तोंड पाहिलं की मग खुशाल बसा पंगतीला. बाकीच्यांची वर्षा-दोन वर्षांत सुटका व्हायची. शकूला नऊ वर्षांत मूल झालं नाही.

आनंदा कोनला जायचा तो पाण्याचा तुंबा खांद्याला लावून. वेशीबाहेर आंब्याखाली आपली भाकरी खायची, आपलं पाणी प्यायचं, मग लेकीच्या दारात जायचं. शकू दर वेळी तांब्याभांडं पुढ्यात ठेवी, तो नुसता हात लावी, आणि तो निघाला की ती ते तसंच आत नेई. आतून कालवणाचा वास येई. दिवाळीला माहेरी आली की ती रांधायचीच, पण तिच्या स्वतःच्या चुलीवरचं, तिने मालकिणीच्या तोऱ्यात वाढलेलं त्याला एकदा खायचं होतं. हौसाचीही तीच इच्छा होती, आणि ती तशीच गेली. आपणही तसेच जाणार, या विचाराने अलीकडे त्याचा जीव तुटायचा.

म्हणून मास्तरांचं बोलणं त्याने पदरात पाडून घेतलं. एवढा शिकलेला माणूस पुस्तकात बघून सांगतो, मग त्यात पाप कसलं? दुसऱ्याच दिवशी तो कोनच्या वाटेला लागला. तुंबा मुद्दाम घरी ठेवला. ऊन मी म्हणत होतं. पोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटली, तरी वाटभर तो स्वतःशीच हसत होता.

जावई बळीराम शेतावर गेला होता. शकूने नेहमीसारखं तांब्याभांडं आणून ठेवलं. आनंदाने भांड्यात पाणी ओतलं आणि उचललं.

"आज पितो गो," तो म्हणाला. "आन जेवून जाईन."

ती लगबगीने आत धावेल, असं त्याने मनात रंगवलं होतं. ती जागची हलली नाही. तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग उतरत गेला. त्याने घाईघाईने मास्तरांचं सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे बाबा, तुमी पन आशा सोडली?"

उचललेलं भांडं त्याच्या हातात तसंच राहिलं.

"सासू आता काय बोलत नाय. यांनी औंदा पाळना मोडून चुलीत घातला. तुमी तेवढं पानी पीत नव्हता. तुमी गेलात का भांडं आत नेताना मना वाटायचं, एक मानूस अजून वाट बघतो हाय."

आनंदाला भडभडून आलं. नऊ वर्षं तो ज्याला आपला उपास समजत होता, त्याच्यावर ही पोर जगत होती. आणि मायेच्या भरात तो तोच मोडायला आला होता. त्याने भांडं जपून खाली ठेवलं.

"थट्टा केली तुजी," तो म्हणाला. "असा कसा पीन? नातू यायचा हाय ना."

खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि शकूला ते कळलं असणार. तरी ती हसली. पदराने डोळे पुसून तिने भांडं उचललं.

तो उन्हात बाहेर पडला. गावविहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. त्याचा सुकलेला चेहरा बघून एकीने विचारलं, बाबा, पाणी घेता का? गावच्या विहिरीला तशी कुणाची मनाई नव्हती. पण शकू याच विहिरीचं पाणी भरत असे. त्याने नको म्हणून मान हलवली आणि तो तसाच पुढे चालत राहिला.