उपरण्याखालचं मत

आबा गेल्यापासून संयोगितानं गल्लीतल्या बऱ्याच दुकानदारांना एकच प्रश्न विचारला होता आणि प्रत्येकानं तिला एकच उत्तर दिलं होतं. "मी बंदच म्हणालो होतो, ताई." मागच्या महिन्यात तिनं मनाशी मोजून पाहिलं. सगळेच बंद म्हणाले असतील, तर तेव्हा एवढं रान कुणी उठवलं होतं?

सांगलीतली ती गल्ली तेवीस दुकानांची. तोंडाशीच लालासाहेबांचं, म्हणजे संयोगिताच्या वडिलांचं, आबांचं, भांड्यांचं दुकान. पण गल्लीत येण्याआधी आबांनी तीस वर्षं हळदीच्या यार्डात अडत केली होती. हंगामात संयोगिता त्यांच्याबरोबर जायची तेव्हा दुपारपर्यंत पापण्यांवर पिवळी धूळ बसायची. आबांच्या तळहाताच्या रेघांत हळद कायमची मुरली होती, साबणानं जायची नाही. तिच्या शाळेच्या वह्यांनाही तो वास असे, आणि मैत्रिणी तिला 'नवरी' म्हणून चिडवत.

तिथं भाव तोंडानं ठरत नसे. व्यापारी आणि अडत्या एका उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचे, आणि चेहरे असे ठेवायचे की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्यात. एकदा तिनंही आपला हात आत घातला होता. "आबा, माझा भाव किती?" आबांनी तिची पाचही बोटं एकदम मुठीत धरली. "एवढा," म्हणाले, "आन हा इकायचा न्हाई."

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, इतर जिल्ह्यांत दुकानं उघडली होती, आणि सांगली-साताऱ्याचे निर्बंध मात्र आठवड्यामागून आठवडा वाढत होते. पुन्हा वाढवल्याची बातमी आली तेव्हा गल्लीची बैठक बसली. नियम मोडून शटर वर करायचं की नाही, एवढाच विषय. मोबाइलच्या दुकानाचा धैर्यशील तावातावानं उठला. "मंडईत माणसं अंगाला अंग घासत्यात, तितं करोना न्हाई! आन माझ्या दुकानातच तेवढा खुर्ची टाकून बसलाय व्हय?"

लोक हसले. मग शाळेचे गणवेश शिवणारा जाफर बोलला. त्याचा भाऊ एप्रिलमध्येच गेला होता. "दुकान परत उघडता येतंय, गड्या. माणूस येत न्हाई."

कुणीतरी म्हणालं, हात वर करा. आबांनी अडवलं. "जाफरच्या तोंडाकडं बघून एकाचाबी हात उघडायच्या बाजूनं वर जायचा न्हाई. आन मग उद्या घरी जाऊन जळफळाट करशीला. उपरण्याखाली द्या. एक बोट म्हंजे उघडा, मूठ म्हंजे बंद."

एकेक जण सॅनिटायझर चोळून पुढं आला, उपरण्याखाली हात घालून गेला. शेवटी आबा म्हणाले, "बंद."

"किती विरुद्ध किती?" धैर्यशीलनं विचारलं.

"आकडा उपरण्याच्या भाईर काढत न्हाईत."

यार्डात ही रीतच होती, तिथं कुणी पुढचं विचारलं नसतं. पण गल्ली म्हणजे यार्ड नव्हे, हे आबांच्या लक्षात आलं नाही. चार दिवसांत कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्यानं निकाल फिरवला. त्याला काय, लेक साताऱ्यात मास्तरीण, एक तारखेला पगार. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर चहाला जमणारी माणसं एकेक करत कमी झाली.

आणि संयोगिताला ठाऊक होतं की बैठकीच्या आदल्या दिवशी तिनंच फोन केला होता. "आबा, तुमचं सगळे ऐकतात. बंदच ठेवायला लावा." जन्मात उपरण्याखाली खोटं न बोललेला माणूस तिच्याखातर खोटं बोलला का? हे तिनं त्यांना कधी विचारलं नाही. विचारू, काय घाई आहे, असं करता करता यंदाचा मार्गशीर्ष आला, आणि आबा गेले.

आता फाल्गुनातली दुपार होती. दुकान नव्या माणसाला द्यायचं म्हणून ती पातेल्या-परातींच्या चवडी लावत होती. तेवढ्यात जाफरचाचा दारात येऊन उभे राहिले. केस सगळे पांढरे झाले होते. तिनं चहा मागवला. निम्मा चहा झाल्यावर तिनं विचारलं, "चाचा, तुम्ही तेव्हा काय दिलं होतं?"

"एक बोट."

"उघडा? पण तुम्ही तर..."

"तोंडानं बंद, हातानं उघडं." चाचा तिच्याकडं न बघता बोलत होते. "भाऊ गेल्याचं दुःख खोटं नव्हतं, पोरी. पर गणवेशवाल्याचं समदं साल जूनवर असतंय, आन दोन जून तसंच गेलं. वाटायचं, शटर तरी वर असू दे, कोण एखादा पायजमा टाकंल. तुज्या आबांनी माजं बोट धरलं ते सोडंनातच. परत दाबलं. म्हंजे पक्कं का? मी परत दिलं."

"मग निकाल..."

"फिरवला न्हाई त्यांनी." चाचांनी आता वर पाहिलं. "मिरजेच्या दवाखान्यात मला सांगितलं, शेवटच्या आठवड्यात. बावीस हात घेतलं. अकरा उघडं, अकरा बंद. ऱ्हायला तेविसावा, त्यांचा सवताचा."

संयोगिता परातीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. आबा खोटं बोलले नव्हते. क्षणभर तिला एवढंच पुरलं. मग दुसरी गोष्ट उमगली: निकाल त्यांच्या त्या एका हातावर ठरला होता.

"चाचा, आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला होता."

"ठावं हाय."

"आबांनी सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? कानानं अधू माणूस, फोन कायम स्पीकरवर. तू साताऱ्यात बोलत व्हतीस, आमी पार चौकापतूर ऐकत व्हतो."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच कळलं की गल्ली तिला तीन महिने एकच उत्तर का देत होती. "म्हणून सगळे मला बंद, बंद म्हणतात."

"बाप गेलेल्या लेकीला काय सांगायचं? तुज्या फोनापायी..." चाचा थांबले. त्यांच्या चार मशिनी त्याच पावसाळ्यात विकल्या गेल्या होत्या. आता ते कुपवाडला दुसऱ्याच्या कारखान्यात शिवायला जात. "मीबी बोलणार नव्हतो. पर तू सरळ इचारलंस."

"माझा राग आला होता?"

"लय."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. चाचांनी पेला खाली ठेवला. "आज परत तशीच येळ आली, तर काय सांगशील बापाला?"

तिला आपलं साताऱ्याचं घर आठवलं. खिडकीतून दिसणारा किल्ला, टेबलावरची पुस्तकं, मोबाइलवरचे वर्ग. आणि त्या वर्गात काही न सांगता गैरहजर राहिलेली दोन मुलं.

"तेच सांगेन," ती म्हणाली. "माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे वडील त्याच महिन्यात गेले, चाचा. बंदच ठेवा म्हणेन. पण फोनवरून नाही. इथं येऊन, तुमच्यासमोर म्हणेन."

"आन मी ऐकून घीन व्हय?"

"नका घेऊ. भांडा."

"भांडू? मग ऐक!" चाचांचा आवाज चढला. "तुमी पगारवाल्यांनी घरात बसून आमाला घरात बसायला सांगायचं? माजी बायकू हाजराबी त्या दिवसांत..." ते बोलत सुटले. ती मध्येच तोडत होती, ते तिला तोडत होते. आबा गेल्यापासून तिच्याशी कुणी चढ्या आवाजात बोललंच नव्हतं.

समोरून धैर्यशील धावत आला. "चाचा, आवं ताईंवर काय वरडताय?"

"तू गप! तू काय दिलं व्हतंस ते सांग आदी."

धैर्यशीलनं तिच्याकडं पाहिलं, मग चपलांकडं. "बंदच की, ताईंना म्हायतीय..."

"खरं सांग," संयोगिता म्हणाली.

"उघडा," तो पुटपुटला. मग एकदम मोकळा झाल्यासारखा म्हणाला, "लय जोरात दाबलं व्हतं बोट. आबा म्हणालं, हळू रं, मोडशील."

संयोगितानं एक मोठं पातेलं उपडं घालून त्याच्यापुढं सरकवलं. "बस. तुझंही ऐकायचंय मला."

"ताई, मी बोलाय लागलो तर तुमाला राग यील."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि समोर बैठक मारून बसली.