पाहुण्यांचं पाणी

"पाहुणा घरात असला की हंड्याचं झाकण त्याच्यादेखत उचलायचं नाही. त्याला तळ दिसतो, मग त्याच्या घशाखाली घास उतरत नाही."

सासूबाईंचं हे बोलणं आठवलं तशी ती आतल्या दाराकडे पाठ करून बसली. हंडा मांडीशी तिरका धरून तिने वाटी आत घातली. जपून घातली तरी ती तळाला घासलीच. खर्र असा आवाज झाला.

"पोरी, मला आज तहानच नाही बघ," आतून पाहुणी म्हातारी म्हणाली. "काल जरा जास्तच झालं पाणी."

"काल अर्धी वाटी प्यायलात, आजी."

"एवढीच? मग आत साठून राहिलं असेल. म्हातारी असले तरी कुठून गळत नाही मी."

म्हातारीचा मुलगा हसला. तीही हसली, आणि हसताना कोरडा ओठ चिरला. जिभेवर रक्ताची चव आली. तिने वाटी उचलली, आत नेऊन म्हातारीच्या हातात दिली आणि ती रिकामी होईपर्यंत समोरून हलली नाही. म्हातारीला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. पण समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळत होतं, त्यामुळे तिला पाणी प्यावंच लागलं.

मिठागराच्या टोकाला कामगारांच्या खोल्यांची एक रांग होती. जमिनीत कुठंही खणलं तरी खारं पाणी लागायचं. प्यायचं पाणी मालकाच्या टँकरने यायचं, आणि पाहुणे घरात असल्याची कुणकुण लागली त्या दिवसापासून टँकर आला नव्हता. पुढच्या फाटकावर मालकाची माणसं होती. रिकामी घागर घेऊन निघालेल्या बाईलाही ती परत पाठवत. मागच्या बांधावरही माणसं होती. घरात मात्र कुणी शिरलं नव्हतं. मालकाचा चष्मेवाला कारभारी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा आणि गोड आवाजात सगळ्यांना सांगायचा, "आम्ही कुणाच्या घरात पाय टाकणार नाही. मालकांना तुमच्या अब्रूची काळजी आहे. पाहुणे तुमचे, तुम्हीच बाहेर आणून पोचवा."

पाहुणा म्हणजे मालकाच्याच ट्रकवरचा ड्रायव्हर. एका संध्याकाळी तो आईचा हात धरून दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "तुमचा धाकटा भाऊ पळून गेलेला नाही. मिठाची रास त्याच्या अंगावर कोसळली. मीच त्याला नेलं, ट्रकमधून. कुठे पुरलाय ते मला माहीत आहे. मी कोर्टात सांगणार आहे. तोवर आईला आणि मला राहू द्याल का?"

तिच्या नवऱ्याने बाजूला होऊन वाट दिली होती. उचल घेऊन पळालेल्याचा भाऊ म्हणून त्याने वर्षभर मान खाली घातली होती. त्या रात्री तो ताठ मानेने जेवला.

पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. आताशा ते रडायचं तेव्हा आवाज यायचा, पण डोळ्यांत पाणी नसायचं. तिने त्याला छातीशी घेतलं. तिथेही काही नव्हतं. बाळाने तोंड फिरवलं आणि पुन्हा तेच कोरडं रडणं सुरू केलं. ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. देवाचं नाव ओठांवर आलं. आज ते मोठ्याने घ्यायला तिची जीभ रेटेना. तिने ते गिळलं.

"रडवतेयस कशाला त्याला?" शेजारीण दारातून ओरडली. "तुझ्या पाहुण्यांना सांग की गाणं म्हणायला! आमची पोरंही मिठाच्या वाफ्यातलं पाणी पिऊन वाढत नाहीत म्हणावं!"

आतली कुजबुज एकदम थांबली.

ऊन चढल्यावर नवरा कामावरून आला. दंताळं भिंतीला टेकवून तो बाहेरच उभा राहिला आणि त्याने मानेनेच तिला बोलावलं. बाळाला खांद्यावर टाकून ती त्याच्यामागे मिठाच्या राशीपर्यंत गेली. उन्हात रास इतकी पांढरी झाली होती की तिच्याकडे बघवत नव्हतं.

"मी फाटकावर जाऊन आलो," तो म्हणाला.

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दुपारी मागच्या बांधावरची माणसं उठतील. जेवायला गेल्यासारखं दाखवतील. पंपाच्या खोलीमागे जीप असेल. आपण फक्त त्याला सांगायचं, वाट मोकळी आहे, नीघ. मग टँकर सोडतील."

"कोणी सांगायचं?"

तो वाकून टाचेच्या भेगेतलं मीठ नखाने काढू लागला. "माझ्या तोंडून खरं वाटणार नाही. तुझं तो ऐकेल."

"अहो, धाकट्यासाठी आलाय तो."

"धाकटा गेला!" तो जवळजवळ ओरडला. मग इकडेतिकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "गेला ना तो? मी काय परत आणू त्याला? आणि ह्याचं काय? बघ ह्याची टाळू. बघ ना, हात लावून बघ."

तिने हात लावला नाही. बाळाची टाळू कशी खोल गेली आहे ते ती सकाळपासून बघत होती.

"आणि आजी?"

"तिचं संध्याकाळी. तिलाही सगळं माहीत आहे. जीप दारापर्यंत येईल म्हणाला कारभारी."

"अब्रूची काळजी आहे ना त्यांना?"

"तू टोमणे मार मला," तो म्हणाला. "मार. पण दुपार टळू देऊ नकोस."

ती परत आली तेव्हा ड्रायव्हर आईच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत बसला होता. ट्रकचं चाक फिरवून राठ झालेली ती बोटं एकेक केस वेगळा करत होती. तिला बघताच तो उठून उभा राहिला. या घरात आल्यापासून तो तसाच उठायचा. तिला ते नेहमीच अवघड व्हायचं, आज तर जास्तच.

"भाऊ," ती म्हणाली, "मागची माणसं दुपारी जेवायला उठतात. ह्यांनी बघितलंय. तेवढ्यात तुम्ही निघून जा."

"आणि आई?"

त्याचं उत्तर नवऱ्याने सांगितलं नव्हतं.

"त्यांना भरभर चालता येणार नाही. तुम्ही पुढे व्हा. त्यांना मी आणते, तुमच्या बहिणीकडे."

"बहीण स्टेशनामागे राहते. शिवणकाम करते. दारात मशीन दिसेल."

"सापडेल."

"वहिनी, नक्की आणाल?"

"शब्द देते," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हे एवढं सांगायची गरज नव्हती. तो तसाही गेला असता. पण शब्द तोंडातून बाहेर पडला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण तिच्या डोळ्यांदेखत उतरला होता.

तो आईच्या पाया पडला. म्हातारीने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"दाढी कर रे आधी," ती म्हणाली. "बहीण दारात उभं करणार नाही तुला."

दारात चपला चढवताना तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, कोर्टात तुमच्या घरचं कुणीतरी या बरं का. धाकट्याची ओळख पटवायला घरचं माणूस लागेल. जागा लक्षात आहे ना? भरतीचं पाणी आत घ्यायच्या जुन्या दाराजवळ, उजव्या हाताला. वर फुटक्या टोपल्यांचा ढीग आहे."

"लक्षात आहे."

तो मागच्या बांधाला लागला. दोन्ही बाजूंच्या वाफ्यांत पाणी आटून मिठाची पातळ साय धरली होती. तो आपला रस्त्यावरच्यासारखा कडेकडेने चालला. कडेची माती भुसभुशीत असते, पाय आत जातो. ती न राहवून ओरडली, "भाऊ, मधोमध चाला! कडेने घसराल!"

त्याने वळून हात वर केला आणि तो बांधाच्या मधोमध चालू लागला.

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. आपण हे काय ओरडलो, का ओरडलो, हे तिचं तिलाच कळेना. माणूस लहान लहान होत पंपाच्या खोलीपाशी पोचला, खोलीच्या सावलीत शिरला आणि पलीकडे दिसला नाही. कसला आवाज आला नाही. थोड्या वेळाने खोलीमागून धूळ उठली आणि रस्त्याच्या दिशेने सरकत गेली.

आत म्हातारी विचारत होती, "दिसतो का गं अजून?"

"नाही," ती म्हणाली. "आता नाही दिसत."

टँकर खरंच आला. उन्हं कलायच्या आतच फाटकातून हॉर्न वाजवत आत शिरला आणि रांगेतल्या सगळ्या खोल्यांमधून बायका, पुरुष, पोरं हंडे, डबे, बादल्या, जे हाताला लागेल ते घेऊन धावली. शेजारीण धावता धावता तिच्या दाराशी थांबली. मघाशी ओरडलेलं तिच्या मनात असावं. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण शेजारीण तिच्याकडे न बघताच पुढे गेली. त्या वेळी कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. सगळे नळीकडे बघत होते.

नवऱ्याने पहिली घागर आणून ठेवली आणि पुन्हा धावत गेला. तिने कापसाचा बोळा भिजवून बाळाच्या ओठांवर पिळला. मग चमच्याने पाजलं. बाळ आधी दचकलं, मग अधाशासारखं चमचा चोखू लागलं. पिऊन झाल्यावर ते कुरकुरलं, आणि त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब आला. तिने तो पुसला नाही.

मग एक पेला भरून ती आत गेली.

"आलं का गं पाणी?" म्हातारीने विचारलं.

"आलं."

"आजच आलं."

"हो."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. बाहेर बायका पुढे कोण, मागे कोण यावरून भांडत होत्या. कुणीतरी मोठ्याने हसलं. एवढ्या दिवसांत रांगेत कुणी असं मोठ्याने हसलं नव्हतं.

"बाळ प्यायलं?"

"प्यायलं, आजी."

"पोटभर?"

म्हातारीने उत्तराची वाट बघितली नाही. पेल्याच्या दिशेने तिने हात केला, पण घ्यायला नाही. बोटांनीच तो हळूच मागे सारला.

"मला नको. म्हातारपणी पाणी प्यायलं की सारखं उठावं लागतं."

तिने पेला खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली. सांगायला हवं होतं. वाक्य जुळत होतं, तुटत होतं. म्हातारीचा हात चाचपडत तिच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला. हात जड नव्हता. तरी तिला तो पेलवेना. मालकाच्या माणसाने संध्याकाळ म्हटलं होतं, आणि संध्याकाळ दारात आलीच होती. म्हातारी घरात सापडली नाही तर उद्या टँकर येईल का? परवा? घागरीतलं पाणी कितीसं पुरणार? बाळ पाळण्यात हात हलवत होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

ती उठली. बाळाला चादरीत गुंडाळून तिने पोटाशी बांधलं. एका बाटलीत पाणी भरून घेतलं. म्हातारीची काठी कोपऱ्यातून काढून तिच्या हातात दिली.

"कुठे?" म्हातारीने विचारलं.

"तुमच्या लेकीकडे. सांगितलं होतं मी त्यांना."

म्हातारीने काठी जमिनीवर टेकवली. उठायचा प्रयत्न केला नाही.

"तुझ्या माणसाला विचारलंस?"

"नाही."

"मग आरडाओरडा करेल तो."

"करू दे."

म्हातारीने हात पुढे केला आणि तिने तिला उठवलं.

मागच्या दाराने त्या बाहेर पडल्या. बांधावर कुणी नव्हतं. मोठं काम झालं, म्हातारी काही एकटी पळणार नाही, म्हणून पहारा उठला होता. त्या पहिल्या वाफ्यापर्यंत पोचल्या असतील-नसतील, तेवढ्यात तिने मागे बघितलं. टँकरवर चढलेला तिचा नवरा नळी धरून उभा होता आणि थेट त्यांच्याकडेच बघत होता. तिचे पाय थांबले. म्हातारीनेही चालणं थांबवलं.

एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याने फाटकाकडे बघितलं. तिथे चष्मेवाला खुर्ची घडी करून जीपची वाट बघत उभा होता. मग नवऱ्याने एकाएकी नळी खाली टाकली आणि तो टँकरवाल्याच्या अंगावर ओरडायला लागला: टाकी अर्धीच भरून आणलीस का, आम्हाला काय जनावरं समजलास का, मालकाला इथे बोलाव. पाणी चिखलात वाहू लागलं. बायका किंचाळल्या. सगळी रांग त्याच्याकडे वळली. चष्मेवालाही खुर्ची तशीच टाकून तिकडे धावला.

तिने तोंड फिरवलं.

"काय चाललंय गं?" म्हातारीने विचारलं.

"भांडण लागलंय."

"लागू दे. लांब आहे का स्टेशन?"

"आहे, आजी."

"मग बोलत चल. मला दिसत नाही, ऐकू तरी येऊ दे."

तिने म्हातारीचा हात आपल्या दंडाला गुंतवला. बाळ पोटाशी झोपलं होतं. मोठा श्वास घेऊन ती म्हणाली, "आजी, आज सकाळी ह्यांनी मला मिठाच्या राशीमागे बोलावलं," आणि पाऊल पुढे टाकलं.