खोलीचं वेटोळं

माझ्या बहिणीचा मुलगा वेइयो शिकलेला आहे, ओउलू शहरात कंप्युटरच्या कंपनीत आहे, पण हातातली वस्तू दुसऱ्याला द्यायची त्याला सवय नाही. लहानपणी घसरगाडी देत नव्हता, मोठेपणी खोलीचं वेटोळं देत नव्हता. नऊ वर्षांत मी तीनदा मागितलं. तिन्ही वेळा म्हणाला, मावशी, तुला ते झेपायचं नाही. मी चार हिवाळे फिरत्या मास्तरीणबाईंकडे शिकले, तेवढंच माझं शिक्षण, हे खरं. पण चार पोरं, बारा गायी आणि एक दारुडा दीर सांभाळला, तेव्हा झेपेल का म्हणून कुणी विचारायला आलं नव्हतं.

खोली म्हणजे इर्कवरची, इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची, आमच्या लुओतोला गावची खोली. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्रंबित्रं काही नाही. बोलायचं असेल त्याने टाइप करायचं, सगळ्यांना एकदम दिसतं. गावात आता अकरा घरं राहिली. बाकीचे ओउलूत, केमीत, नाहीतर पार स्वीडनमध्ये. खोलीत मात्र एकोणीस नावं. रिकाम्या खोलीत जो पहिला शिरतो त्याच्या नावापुढे @ असं वेटोळं येतं. ज्याच्याकडे वेटोळं, तोच एखाद्याला बाहेर काढू शकतो, आणि तोच दुसऱ्याला वेटोळं देऊ शकतो. खोली कुठल्या कचेरीची नाही, त्यामुळे अर्ज करायचीही सोय नाही.

वेइयोने फेब्रुवारीत आपलं मशीन बदललं. जुना प्रोग्राम बंद केला, नवा लावला, खोलीत परत आला, तर नावापुढे काहीच नाही. खोली भरलेली होती ना, मग वेटोळं कुठून मिळणार? उठण्याआधी कुणा एकाकडे ठेवून जायचं, शेजारणीकडे किल्ली ठेवतो तसं. पण आमच्यातल्या कुणावर त्याचा भरवसा असेल तर ना.

तरी मी गप्प बसले असते. पण मार्चात कुर्को आला.

हे त्याचं खरं नाव नसणार. कोण, कुठला, काही पत्ता नाही. सकाळी आठला यायचा, सव्वाअकराला जेवायला मशीन बंद करून जायचा, बाराला परत. आणि आल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीच्या मागे लागला. हिल्का, म्हणजे वेइयोची आई, केमीच्या वृद्धाश्रमात असते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचा गेली आणि उजवा हातही. डाव्या हाताच्या एका बोटाने ती खोलीत लिहिते. अक्षरं मागेपुढे होतात, एक ओळ यायला कपभर कॉफी संपते. आम्ही थांबतो. तिला दुसरं तोंड नाही. कुर्को तिची प्रत्येक चुकलेली ओळ उचलून जशीच्या तशी परत टाकायचा आणि विचारायचा की म्हातारी सकाळीच ढोसून बसलीय का. तिसऱ्या दिवशी हिल्काने लिहिणं सोडलं. अकरा दिवस तिचं नाव खोलीत होतं आणि एक अक्षर नव्हतं.

मी वेइयोला फोन लावला. तो म्हणाला, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मी म्हटलं, मी नाही देत, तुझी आई देते. मग म्हणाला, नवी खोली काढू, आईच्या मशीनवर मी पुढच्या महिन्यात लावून देईन. म्हणजे चोर आला म्हणून आपण घर सोडायचं. आणि नव्या खोलीचं वेटोळं परत ह्याच्याच खिशात. मी विचारलं, दुसरा काही उपाय आहे का, आहे की नाही तेवढं सांग. तर म्हणाला, आहे, पण होणार नाही. कुर्को जेवायला गेला की उरलेल्या सगळ्यांनी एकाच वेळी बाहेर पडायचं. एक जरी आत राहिला तरी उपयोग नाही. लोक वर्षानुवर्षं प्रोग्राम चालू ठेवून निघून जातात मावशी, कुणाला कुणाला शोधणार?

मी शोधलं. दोन दिवस फोनजवळची खुर्ची सोडली नाही. रिएस्काच्या भाकऱ्या थापायच्या होत्या, पीठ तसंच राहिलं. स्वीडनमधल्या बोरासचा आर्मास कारखान्यात होता, त्याच्या बायकोला मी मशीनपुढे बसवलं आणि कुठली बटणं दाबायची ते सांगितलं. गावातल्या दोघांच्या तर दारात जाऊन उभी राहिले. आश्रमातल्या नर्सने हिल्काच्या कानाला फोन धरला. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, येणार असशील तर फोनवर टिचकी मार. मग एक टिचकी आली.

बुधवारी कुर्को गेल्यावर सगळे बाहेर पडले. हिल्कासुद्धा, स्वतःच्या बोटाने. मी मनात वीस मोजले आणि आत शिरले. माझं नाव नुसतंच, उघडं. माझ्या शेजारी आणखी एक नाव बसलेलं: veijo_.

हे नाव यादीत नेहमीच असायचं. वेइयोचं आहे, तोच काढेल, असं सगळ्यांनी धरलेलं. फोनवर तो आधी म्हणाला, ते माझं नाही. मग म्हणाला, असेल, पण ते मशीन कुठे आहे आठवत नाही. मग आठवलं, पण पासवर्ड आठवेना. स्वतःचंच दुसरं नाव खोलीत बसलेलं, आणि त्यालासुद्धा ह्याने कधी वेटोळं दिलं नव्हतं.

मी पुन्हा सगळ्यांना फोन केले. उद्या, तीच वेळ. काहीजण कुरकुरले. त्यांना म्हटलं, हिल्का आली होती, तुम्हाला काय धाड भरलीय?

गुरुवारी सकाळच्या बसने ओउलू गाठलं. वेइयो घरूनच काम करत होता. त्याने कॉफीचं विचारलं, मी मशीन कुठे ते विचारलं. बोळातल्या कपाटात, स्कीचे बूट आणि रिकाम्या खोक्यांच्या मागे ते गुरगुरत होतं. पडदा नाही, कीबोर्ड नाही, अंगावर बोटभर धूळ. वेइयो आडवा आला. म्हणाला, पाच वर्षांत हे एकदाही बंद पडलेलं नाही मावशी, असं कुणाकडे नाही. त्याच्या आवाजात माया होती हो. मी खाली वाकले आणि वायर ओढली.

नाव लगेच जात नाही, पाच मिनिटं लागतात. सव्वाअकराला कुर्को गेला. एकेक नाव, वेइयोचं चालू नावसुद्धा, गळत गेलं. शेवटी veijo_ही गेलं. तेवढ्यात वेइयो खुर्चीत बसला आणि कीबोर्ड जवळ ओढू लागला. घाईत चूक नको, मी करतो, म्हणाला. मी त्याला उठ म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही.

वेइयोच्या मशीनवर दोन बोटांनी मी आधी माझं नाव आणि मग खोलीचं नाव टाइप केलं. वेटोळं आलं, माझ्या नावापुढे. लोक परत येऊ लागले. हिल्का सातवी आली. मी सगळ्यांसमोर तिलाही वेटोळं दिलं, दिल्याने आपलं जात नाही, आणि कसं वापरायचं ते दोन ओळींत लिहिलं. वेइयो मागे उभा राहून सुस्कारे टाकत होता.

बाराला कुर्को आला आणि विचारलं, प्यालेली म्हातारी मेली का. बऱ्याच वेळाने हिल्काच्या नावापुढे ओळ आली, पण हुकूम चुकला होता. पहिली तिरपी रेघ राहिली, म्हणून त्याला हाकलायचं वाक्य सगळ्यांना नुसतंच वाचायला मिळालं. कुर्कोने ते उचलून परत टाकलं. वेइयोचा हात माझ्या खांद्यावरून कीबोर्डकडे आला. मी त्यावर चापट मारली.

आम्ही थांबलो. बोरासमध्ये थांबले, गावात थांबले. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली.

मग कुर्को खोलीबाहेर पडला. हिल्काने काढला, असं पडद्यावर लिहून आलं. तो लगेच परत शिरला, तिने परत काढला, या वेळी दोनच मिनिटांत. तिसऱ्यांदा शिरला तेव्हा मी बाहेर काढून वरून कडी घातली, म्हणजे पुन्हा शिरायची बंदीच, नाहीतर तिचं बोट दुखलं असतं. मग खोलीत हिल्काची ओळ आली. त्यात पाच चुका होत्या. रिएस्का कधी करणार, असं तिने विचारलं होतं.

वेइयो खुर्चीमागे घुटमळत होता. म्हणाला, आता झालं ना मावशी, मलाही ते देऊन ठेव, यातलं तांत्रिक मलाच कळतं.

मी कोट घातला, बटणं लावली आणि त्याच्याकडे वळले.

"वेइयो, माझं वेटोळं मी आज तुझ्या आईला सांगून उतरवणार आहे. मग ते तिच्या एकटीकडे राहील, आणि कुणाला द्यायचं ते ती ठरवेल. तुला हवं तर खोलीत सगळ्यांसमोर तिच्याकडे माग. आणि ती एका बोटाने उत्तर लिहीपर्यंत तोंड मिटून बस, मग त्याला दुपार लागो की अख्खा दिवस."