दोन पॉइंटांची ढाल

आमच्या घरी टीव्हीच्या वर एक पितळी ढाल आहे. 'शंकरपट, आसेगाव, प्रथम क्रमांक' आणि खाली माझं नाव, उदयसिंग. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात, आणि त्या एका ढालीवर मी एकतीस वर्षं मोठेपणा मिरवला. खोटं कशाला बोलू? पटावर नाव झालं म्हणून पोरं मागं फिरू लागली, पोरं मागं होती म्हणून पंचायत समितीत निवडून आलो, तिथून सोसायटीचा अध्यक्ष झालो. बायको रोज ढाल पुसते. मी मात्र त्या ढालीकडं फार वेळ बघत नाही.

मधली बरीच वर्षं बंदीमुळं पट बंद होते. आता पुन्हा सुरू झालेत, आणि यंदा संक्रांतीनंतरच्या आमच्या आसेगावच्या पटाला कमिटीनं मलाच प्रमुख पाहुणा केलं. माइक सांभाळणारा मुन्ना घरी येऊन म्हणाला, "भाऊ, नव्या पोरायले तुमच्या जितन्याचं गुपित सांगा."

गुपित! ते गावात दोघांनाच ठाऊक, मला आणि भिवाजीला. म्हणून पटाच्या सकाळी फेटा बांधायच्या आधी मी भिवाजीच्या घराकडं निघालो. मी त्या साली खरंच जिंकलो होतो का, एवढं एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. एकतीस वर्षांत विचारायची हिंमत झाली नव्हती.

भिवाजी माझ्या वर्गातला. आमची जमीन ऐंशी एकर, त्यांची तीन. शाळेत तो मला गणितं सोडवून द्यायचा, मी त्याला माझ्या सायकलवर डबलसीट फिरवायचो, आणि वेड दोघांनाही एकच, पटाचं. त्या ढालीच्या सालच्या हिवाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. भिजवलेल्या उडदाचा, शेणाचा, बैलांच्या घामाचा. सकाळी नदीच्या वाळूत आम्ही दोघं आपापली जोडी छकडीला, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीला, जुंपून पळवायचो. माझे सरदार आणि सुलतान बाबांनी लांबच्या बाजारातून निवडून आणलेले; नांगर त्यांनी बघितलाही नव्हता. दूध, गूळ, अंडी असा खुराक. आई म्हणायची, "या घरात बैलाचा जन्म घ्यावा माय, बाईचा नाही." भिवाजीचे बांड्या आणि पाखऱ्या त्याच्याच गोठ्यात जन्मलेले. दिवसभर वखर ओढायचे, कडबा खायचे आणि सकाळी वाळूत माझ्या लाडोबांना शेपूट दाखवून पुढं निघून जायचे. रोज.

"ठाकूर," भिवाजी म्हणायचा, "तुह्या सुलतानले अंडे कमी देत जाय. पयाचं सोडून उबवत बसते तो." किती हसायचो आम्ही! पोट दुखेपर्यंत. तसं हसू मला पुढं कधी आलं नाही, अध्यक्ष झाल्यावर तर नाहीच.

पटाला चार दिवस उरले होते आणि बाबांनी कापूस कारंज्याला न्यायचं काढलं. आमचा ट्रॅक्टर आला तो पुढच्या साली. कामाच्या दोन जोड्या दोन गाड्यांना जुंपल्या, तरी एक गाडी उरली. सरदार-सुलतानला तर हातही लावायचा नव्हता. आमच्याकडं सावडीची रीत आहे: तुझ्या अडचणीला मी बैल द्यायचे, माझ्या अडचणीला तू.

बाबा म्हणाले, "भिवाजीची जोडी मांगून आन."

"त्याचीबी जोडी पटात हाय, बाबा."

"मंग? पेरनीले आपलेच बैल नेले होते ना त्यानं?"

मी गेलो, मागितली. भिवाजीनं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ने." एवढंच. बांड्या-पाखऱ्यानं गच्च भरलेली गाडी कारंज्याला नेली आणि पटाच्या आदल्या संध्याकाळी ते परत आले. खांदे सुजले होते. मी डोळ्यांनी पाहिलं आणि घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत आमच्याच दोन जोड्या उरल्या. घड्याळवाल्यानं निकाल सांगितला: उदयसिंग दोन पॉइंटांनी पुढं. एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले दोन. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता, एकतीस वर्षांनी, मी पोचलो तेव्हा भिवाजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

"जय भीम, भिवा."

"जय भीम, ठाकूर. आज पटाचे पाहुने अन् इकडं कायले?"

मी आडवळण घेतलं नाही. "खरं सांग. त्या साली मी जितलो होतो का?"

"ढाल कोनाच्या घरी हाय?"

"मी काय इचारून राह्यलो, ते तुले समजते."

त्यानं दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाला, "तुहे बैल वाईट पयाले का? नाही. तू छकडीवरून पडला का? नाही. जोडी हाकाले तू भारीच होता, हे मी तवाबी सांगत होतो."

मला बरं वाटलं. पोरासारखं बरं वाटलं. पण त्याचं संपलं नव्हतं.

"पन जितला का, हे नाही सांगता येत. माहे बैल ताजे असते तं त्या दिवशीच समजलं असतं. आता तुलेबी नाही समजत अन् मलेबी नाही."

"मंग मी बैल मांगाले आलो तवा तू 'देत नाही' काहून नाही म्हनलं?"

"पुढच्या पेरनीले बैल कोनाले मांगतो मी? अन्..." तो जरा ओशाळला, "मले वाटलं, गाडी ओढूनबी माहे बैल तुह्या लाडोबायले हरवते. लय मस्ती होती आंगात."

मी उठलो. "आज माइकवर सगळं सांगतो."

"सांग ना. मी येतोच आयकाले."

दुपारी मैदानावर धूळ, भज्यांचा वास, घुंगरांचा आवाज. मी माइक घेतला आणि सांगून टाकलं. कापूस, कारंजा, सुजलेले खांदे, सगळं. "ही ढाल भिवाजीचीही असू शकते. मला माहीत नाही," म्हणालो. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मग मुन्नानं माइक जवळजवळ हिसकावलाच. "पाहा मंडळी! एवढ्या मोठ्या मानसाचं किती मोठं मन! जोरदार टाळ्या, उदयभाऊसाठी!" टाळ्या थांबेचनात. माझ्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. पोरं पाया पडू लागली. मी "भिवाजीला वर बोलवा" म्हणत होतो, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. पुढची जोडी सुटायची वेळ झाली होती.

मी खाली उतरलो, गर्दीतून वाट काढत भिवाजीपाशी गेलो आणि शाल त्याच्या खांद्यावर टाकायला लागलो. त्यानं माझा हात धरला.

"राहू दे, ठाकूर. पाह्यलं ना? हरल्याची गोष्ट माही, अन् टाया तुलेच."

आणि तो हसला, नदीच्या वाळूत हसायचा तसाच. मी शाल हातात धरून उभा होतो, आणि मुन्ना माइकवर अजून माझंच नाव घेत होता.